वजनाची दंतकथा आणि तोलाची विद्या

युरोपातल्या मध्ययुगीन सरदाराची तलवार दहा-पंधरा किलोची होती, ती कशीबशी उचलून तो शत्रूच्या डोक्यात घालत असे आणि तिला धार असली काय, नसली काय, सारखेच होते. उलट सामुराईची कताना पिसासारखी हलकी, हजारो वेळा घडी घातलेल्या पोलादाची आणि लोखंडी चिलखतही चिरून जाणारी. हे चित्र शिकल्यासवरल्या माणसांच्या मनातही इतके पक्के बसले आहे की त्याला पुरावा मागावा, असे कोणाला वाटत नाही. चित्रपटांत तेच दिसते, व्हिडिओ गेममध्ये तेच, आणि तलवारींवर हिरिरीने बोलणारे हौशी जाणकारही तेच सांगतात. या चित्रातला जवळपास प्रत्येक तपशील चुकीचा आहे. ही चूक निरुपद्रवीही नाही. तिच्यामुळे जगाच्या दोन टोकांना पिढ्यान्‌पिढ्या भट्टीसमोर राबलेल्या कारागिरांची खरी अक्कल आपल्याला दिसेनाशी झाली आहे.

आधी वजन पाहू, कारण हा मतभेदाचा विषयच नाही. काट्यावर ठेवून निकाल लागतो. युरोपातल्या संग्रहालयांत अस्सल तलवारी मोठ्या संख्येने टिकल्या आहेत आणि त्यांची मोजमापे छापलेली आहेत. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या शस्त्रांची जेम्स मान यांनी केलेली सूची १९६२ साली प्रसिद्ध झाली. इवार्ट ओकशॉट या इंग्रज अभ्यासकाने तर उभे आयुष्य मध्ययुगीन तलवारी हाताळण्यात, मोजण्यात आणि त्यांचे प्रकार लावण्यात घालवले. त्यांचे वर्गीकरण आजही अभ्यासक वापरतात. या सगळ्या कामातून दिसणारे आकडे असे आहेत. एका हाताने चालवायची तलवार सुमारे १ ते १.५ किलोची. एका किंवा दोन्ही हातांनी धरता येणारी, ११० ते १२० सेंटीमीटर लांबीची लाँगसोर्ड साधारण १.२ ते १.८ किलोची. सोळाव्या शतकात जर्मन भाडोत्री पायदळाच्या हाती दिसणारी, माणसाच्या उंचीला भिडणारी दुहाती तलवारसुद्धा बहुतेक वेळा २ ते ३.५ किलोत बसते. लढाईत वापरलेली दहा किलोची तलवार कोणत्याही गंभीर सूचीत भेटत नाही.

आता कताना काट्यावर ठेवू. पाते साधारण ७० सेंटीमीटर, मूठ धरून एकूण लांबी मीटरभर आणि मूठ, त्सुबा म्हणजे हाताच्या पुढची चकती, असे सगळे साज धरून वजन १ ते १.४ किलो. म्हणजे कताना युरोपच्या एकहाती तलवारीइतकीच भरते, पण तिचे पाते त्या तलवारीपेक्षा सहसा थोडे आखूड असते आणि ती दोन्ही हातांनी चालवायची असते. लाँगसोर्डशी तुलना केली तर दोनतीनशे ग्रॅम जास्त देऊन पात्याची लांबी वीसेक सेंटीमीटरने वाढते. लांबीच्या मानाने पाहिले, तर जड शस्त्र कतानाच ठरते. मी हे तिला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. तिच्या जडपणाला कारण आहे आणि ते पुढे येईलच. पण ‘हलकी कताना, जड युरोपीय तलवार’ हे समीकरण काट्यासमोर एक क्षणही टिकत नाही.

समीकरण मग आले कुठून? एक कारण मोजण्यातच आहे. जपानी तलवारींच्या जगात खरी किंमत पात्याची. मूठ लाकडाची, बांबूच्या खुंटीने अडकवलेली, काढता-घालता येणारी. म्हणून संग्रहालयात पाते बहुधा उघडेच, मुठीत बसणाऱ्या शेपटासकट मांडलेले असते आणि नोंदलेले वजनही त्या उघड्या पात्याचेच असते. ते सात-आठशे ग्रॅम भरते. युरोपीय तलवार मात्र मूठ, आडवी दांडी आणि शेवटचा गोळा यांच्यासकट तोलली जाते. हे दोन आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढणे म्हणजे एका मल्लाला कपड्यांसकट आणि दुसऱ्याला कपड्यांशिवाय काट्यावर उभे करणे आहे.

दुसरे कारण, दिखाऊ तलवारी. नेदरलँड्समधल्या लेवार्डनच्या फ्रिस म्युझियममध्ये पियर गेर्लोफ्स डोनिया या बंडखोराची म्हणून दाखवली जाणारी तलवार २.१३ मीटर लांब आणि सुमारे ६.६ किलोची आहे. पाहणारा ती पाहतो आणि युरोपातली प्रत्येक तलवार तशीच असणार, असे धरून चालतो. मिरवणुकीत खांद्यावर मिरवायच्या, दरबारात पुढे धरायच्या तलवारी युरोपात पुष्कळ बनल्या आणि लढाईत झिजल्या-मोडल्या नाहीत म्हणून टिकल्याही. पण अशी प्रचंड तलवार जपानमध्येही आहे. ओकायामाच्या किबित्सु देवस्थानातली नोरिमित्सु या लोहाराची पंधराव्या शतकातली ओदाची, म्हणजे महाकाय तलवार, ३.७७ मीटर लांब आणि १४.५ किलोची आहे. तिच्याकडे बोट दाखवून सामुराई चौदा किलोचे लोखंड फिरवत होते, असे कोणी म्हणत नाही. ती देवाला वाहिलेली, लोहाराने आपली ताकद दाखवणारी वस्तू आहे, हे सगळ्यांना चटकन कळते. जपानला दिलेला हा न्याय युरोपला नाकारण्याचे काहीच कारण नाही.

तिसरे कारण बाजारातले. भिंतीवर टांगायला म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘मध्ययुगीन’ तलवारी जाड पट्टी कापून, तिला वरवर आकार देऊन बनवलेल्या असतात. त्या हातात घेतल्या की मनगट खाली जाते आणि घेणाऱ्याची खात्री पटते. त्याने हाती घेतलेली वस्तू मध्ययुगीन लोहाराने दुकानाबाहेर जाऊ दिली नसती.

आता मुख्य मुद्दा. वजने इतकी जवळ असूनही या तलवारी हातात फार वेगळ्या वागतात, कारण मनगटाला किलो कळत नाहीत. ते वजन कुठे बसले आहे, हे कळते. गणितही हेच सांगते. हातापासून ८० सेंटीमीटरवर ठेवलेले १०० ग्रॅम आणि १५ सेंटीमीटरवर ठेवलेले १०० ग्रॅम काट्याला सारखेच. पण फिरवताना होणारा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पहिल्या ठिकाणी तो सुमारे २८ पट असतो. टोकाजवळ राहिलेले मूठभर फाजील लोखंड सगळी तलवार बिघडवू शकते. चांगला लोहार आयुष्यभर याच हिशेबाशी झुंजत असतो.

युरोपच्या लोहाराने तो हिशेब कसा सोडवला, हे पाहायचे तर काचेच्या कपाटासमोर दोन पावले बाजूला सरकून पाते कडेने पाहावे. समोरून ते मुठीपाशी पाच सेंटीमीटर रुंद, भारदस्त दिसते आणि दंतकथेला खतपाणी मिळते ते याच दर्शनातून. कडेने पाहिले की दुसरीच वस्तू समोर येते. मुठीपाशी पाच-सहा मिलिमीटर जाड असलेले पाते पुढे पुढे उतरत जाते आणि टोकाच्या अलीकडे बहुधा दोन-तीन मिलिमीटर उरते. मधोमध खोदलेली पन्हळ ताकद फारशी न घालवता आणखी लोखंड काढून घेते. मागे, मुठीच्या शेवटी पॉमेल हा लोखंडी गोळा बसवलेला असतो. या सगळ्यामुळे तोलाचा बिंदू हाताजवळ येतो. लाँगसोर्डमध्ये तो आडव्या दांडीपासून साधारण ७ ते १२ सेंटीमीटरवर सापडतो. टोक चपळ होते, दिशा बदलायला कष्ट पडत नाहीत, एका बाजूने हुकलेला वार मनगट वळवून दुसऱ्या धारेने परत येतो. पीटर यॉन्सन या स्वीडिश तलवारकाराने अस्सल तलवारी मोजून त्यांच्या प्रमाणांमागची भूमिती मांडली. २०१५ साली जर्मनीतल्या झोलिंगनच्या शस्त्रसंग्रहालयात त्यावर प्रदर्शनही झाले. इतका बारीक विचार केवळ आदळण्यासाठी बनवलेल्या वस्तूत कोणी ओतत नाही.

कतानाचा हिशेब वेगळा आहे आणि तोही तितकाच जाणता आहे. तिचे पाते अरुंद, मुठीपाशी तीन सेंटीमीटरच्या आसपास. पण ते जाड असते, सहा-सात मिलिमीटर, आणि टोकाकडे जाताना जाडी फार उतरत नाही. मागे भार नाही. म्हणून तोल पुढे जातो, साधारण १२ ते १५ सेंटीमीटरवर. हा पुढचा भार पेलायला लांब मूठ आहे: उजवा हात त्सुबाजवळ, डावा टोकाला, आणि दोन्ही हातांतल्या अंतरामुळे मिळणारी तरफ. कताना विजेसारखी चालताना दिसते ती याच दोन हातांच्या जोरावर. वार बसताना पुढचा भार पात्यामागे उभा राहतो, बाक धारेला ओढत नेतो आणि कापणे खोल जाते. पाते वाराच्या रेषेत तंतोतंत असावे लागते. जपानी गुरू याला हासुजी म्हणतात आणि शिष्याकडून वर्षानुवर्षे घोटून घेतात. कमरपट्ट्यात धार वर करून खोवलेली तलवार उपसतानाच वार करण्याची इआईची विद्या या आकारातूनच फुलली. लाँगसोर्डवर ती कसरत बसणार नाही, आणि लाँगसोर्डची मागच्या धारेने, दांडीच्या आडोशाने चालणारी चाल कतानावर बसणार नाही. दोघींना वेगळी कामे नेमून दिलेली होती आणि दोघींनी ती चोख केली.

यावर ठरलेले उत्तर येते: तलवार चांगली असेलही, पण युरोपात तिची विद्या कुठे होती? तिकडे तर नुसती ताकद! या समजाचा माग काढला तर आपण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्लंडमध्ये पोचतो. इगर्टन कॅसल यांचा तलवारबाजीच्या इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ १८८५ सालचा. मध्ययुगातली लढाई म्हणजे रासवट बळ, आणि खरी कला पुढे रेपियर व फॉइल या सडपातळ तलवारींबरोबर उमलली, अशी त्यांची मांडणी होती. ज्यांच्या हातात रोज अर्ध्या किलोहून हलकी फॉइल होती, त्यांना सव्वा किलोची तलवार आडदांड वाटली. पुढच्या लेखकांनी आणि मग चित्रपटांनी तेच उचलले.

पण पोथ्या होत्या आणि आहेत. लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची एक सचित्र लॅटिन पोथी आहे, आय-३३ या क्रमांकाने ओळखली जाणारी. एका हातात तलवार, दुसऱ्यात लहानशी गोल ढाल. पाद्री शिष्याला पवित्रा, त्यावरचा तोड, त्या तोडावरचा तोड असे पानोपानी शिकवतो आणि शेवटच्या पानांवर वाल्पुर्गिस नावाची स्त्रीही तेच डाव खेळते. चौदाव्या शतकातल्या योहानेस लिख्तेनाउअर या जर्मन गुरूची परंपरा पुढची दोनशे वर्षे पोथ्यांतून चालत राहिली. इटलीच्या फिओरे देई लिबेरी यांचा ग्रंथ पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपासचा. योआखिम मेयरचा छापील ग्रंथ १५७० चा. या पानांवर पायांची जागा, पात्याला पाते भिडल्यावर समोरच्याचा जोर ओळखणे, कमकुवत भागावर दाब देणे, असे सूक्ष्म शिक्षण आहे. जपानमध्ये पंधराव्या शतकापासून चालत आलेली कातोरी शिंतो-र्‍यू परंपरा आजही जिवंत आहे आणि तिचा मान मोठा आहे. युरोपची परंपरा मध्ये तुटली, हे खरे. पण तुटलेली परंपरा आणि कधीच नसलेली परंपरा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पोलादाबद्दलचा गोंधळही निस्तरायला हवा. कतानाचे पोलाद हजारो वेळा घडी घातलेले असते, हे अशक्य आहे. दहा घड्यांत १,०२४ थर होतात, पंधरा घड्यांत ३२,७६८. लोहार साधारण दहा-पंधरा घड्यांवर थांबतो, कारण प्रत्येक तापवण्यात कार्बन जळत जातो. ‘तातारा’ या जपानी भट्टीत लोहवाळूपासून निघणारे पोलाद एकसारखे नसते. घड्या घालून त्यातला मळ बाहेर काढायचा आणि कार्बन सारखा पसरवायचा, हा त्यामागचा हेतू. युरोपचा लोहारही आपल्या भट्टीतल्या लोखंडावर थर आणि घड्यांचे असेच उपाय करत होता. ॲलन विल्यम्स यांच्यासारख्या धातुशास्त्रज्ञांनी युरोपीय तलवारी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांत सुमारही निघाल्या आणि उत्कृष्टही.

जपानी लोहाराची खरी करामत पुढे आहे. तो पात्याला मातीचा लेप देतो, पाठीवर जाड आणि धारेकडे पातळ. तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांना अचूक कळावा म्हणून कामाची जागा अंधारी करतो आणि पाते पाण्यात बुडवतो. धार झटक्यात थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. पाते पाण्यात आधी धारेच्या बाजूला झुकते, मग उलटे, पाठीकडे वळते आणि त्याला कायमचा बाक येतो. काही पाती याच क्षणी तडकतात आणि सगळे कष्ट वाया जातात. हे सगळे मानवी हाताने, नजरेने आणि जोखमीने साधलेले आहे. त्याला जादू म्हटले की लोहाराचे श्रेय गेलेच. या कडक धारेची किंमतही आहे: वाकलेली कताना वाकलेलीच राहते, कठीण वस्तूवर वार बसला की धार उडते. युरोपने बऱ्याच वेळा सबंध पात्याला पाणी पाजून, पुन्हा हलके तापवून स्प्रिंगसारखा गुण आणला: धार थोडी कमी कडक, पण वाकून सरळ होणारे पाते. आणि घडीव चिलखत दोघींनीही चिरले नाही. युरोपचा योद्धा चिलखतधाऱ्यासमोर डाव्या हाताने स्वतःचेच पाते मधोमध धरून टोक फटीत घुसवत असे. जपानी योद्धाही भाला आणि आखूड, जाड कट्यारीने फटीच शोधत असे.

दंतकथा उलटवण्याच्या भरात अलीकडे दुसरे टोक गाठणारेही भेटतात: कताना म्हणजे निकृष्ट पोलादाचा फाजील उदोउदो. त्यांनाही माझा तितकाच विरोध आहे. कच्चा माल अडचणीचा असताना असे पाते घडवणे ही कारागिरीची परिसीमा आहे. हलकीभारीची शर्यत लावणारे दोन्ही पक्ष तलवार कशासाठी घडवली, हा प्रश्नच विचारत नाहीत.

ज्यांचा जीव तलवारीवर अवलंबून होता, त्यांच्या मनात ही खंडाखंडांची भिंत नव्हती. जपानचा शोगुन तोकुगावा इएयासूच्या पदरी असलेल्या एचिझेन यासुत्सुगु या नामवंत लोहाराने आपल्या तलवारींच्या शेपटावर, हे पाते परदेशी जहाजांतून आलेल्या ‘नानबान’ लोखंडाचे आहे, असे अभिमानाने कोरले. आणि आपल्याकडचा पुरावा तर याहून थेट आहे. मराठ्यांच्या सैन्यातली फिरंग म्हणजे युरोपीय पाते आणि देशी मूठ. दांडपट्ट्यालाही युरोपीय पाती जोडलेली सापडतात. साताऱ्याच्या छत्रपती घराण्याकडच्या भवानी तलवारीचे पाते जिनोव्याचे आहे, असे ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळवलेली नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवारही फिरंगच आहे: सरळ, एकधारी युरोपीय पाते, त्यावर सोन्याचे काम, देवनागरीत रघुजींचे नाव. मराठा स्वाराची सारी लढाई वेगावर चालत असे. जड सामान तो मुक्कामावर टाकून निघे. अशा स्वाराने लोढणे विकत घेऊन त्याला मराठी मूठ चढवली आणि सरदाराने त्यावर सोन्याने नाव घातले, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी ते उघड म्हणावे. युरोपीय पाते हातात कसे चालते, याबद्दल त्या स्वारांचा अनुभव मी कोणत्याही चित्रपटापेक्षा वरचा मानतो.

म्हणूनच आपल्या वीरांच्या शस्त्रांचे आकडे फुगवण्याची सवयही सोडायला हवी. महाराणा प्रतापांचा भाला ८१ किलोचा होता, असे संदेश मोबाइलवरून फिरतात आणि आदरापोटी पुढे पाठवले जातात. एका माणसाच्या वजनाहून जड भाला घोड्यावरून कोणालाही चालवता येणार नाही. अशा आकड्याने वीराचे मोठेपण वाढत नाही. त्याने कमावलेले कसब मात्र पुसले जाते आणि उरतो फक्त ओझे उचलणारा माणूस. युरोपच्या सरदारावर दंतकथेने केलेला अन्याय आपण आपल्याच माणसांवर गौरव म्हणून करत आहोत.

माझी मागणी साधी आहे. कोणत्याही तलवारीबद्दल विधान करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: पूर्ण साजासह वजन किती, पात्याची लांबी किती, तोल मुठीपासून किती अंतरावर, आणि ती एका हातासाठी आहे की दोन. आपल्या शस्त्रदालनांतल्या पाट्यांवर शतक आणि राजाचे नाव यांच्या जोडीला हे चार तपशील छापावेत. त्याला वजनकाटा, मोजपट्टी आणि एक दुपार पुरते. ती दुपार दिली, तर शाळकरी मुलगासुद्धा कपाटासमोर उभा राहून जपानी, युरोपीय आणि मराठी लोहाराची अक्कल स्वतः वाचू शकेल, आणि वजनाची दंतकथा त्याला कोणी विकू शकणार नाही.